हक्क कमी, आणि १४८ देशांत १३१ वा नंबर

ओटलो | शनिवार, रात्री १०:२०

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बुधवारी मला सही करायला जायचंय. दांडिया बाजारातलं बाबांचं घर. बाबा गेले त्याला वर्ष होऊन गेलं. पेढीनामं (वारसांची वंशावळ) निघालं, वारसाईची नोंद झाली, आणि आता दादा म्हणतो, "तुझं ते हक्क कमीचं तेवढं उरकून टाकू." बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते. महाराष्ट्रात ज्याला हक्कसोडपत्र म्हणतात त्याला इथं मराठी काय, गुजराती काय, सगळे 'हक्क कमी'च म्हणतात. सोडण्यात निदान थोडा मोठेपणा तरी आहे. कमी म्हणजे नुसतंच कमी.

दादाने पाठवलेला कच्चा मसुदा जेवणाच्या टेबलावर पडला होता आणि त्याच टेबलावर लेकीचा चार्ट पेपर पसरलेला. अकरावीचा प्रोजेक्ट, विषय 'जगातील स्त्री-पुरुष विषमता'. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमची २०२५ ची यादी ती उतरवून घेत होती. १४८ देश, त्यात आपण १३१ वे. आइसलँड पहिला, तोही सलग सोळाव्या वर्षी. मी म्हटलं, आपण इतके खाली? तेव्हा तिने आतलं कोष्टक दाखवलं. चार खाती असतात: शिक्षण, आरोग्य, राजकारण आणि कमाई-रोजगार. शिक्षणात आपल्याला शंभरात ९७, म्हणजे मुलगे-मुली जवळपास बरोबरीत. कमाईच्या खात्यात ४० च्या आसपास.

ती पुढे लिहीत राहिली, मी त्या दोन आकड्यांतच अडकले. ९७ आणि ४० च्या मधल्या जागेत मी स्वतः राहते हो. एम. एस. युनिव्हर्सिटीची एम. कॉम., आठ वर्षं नोकरी, लेक झाल्यावर सोडली, आता घरी बसून तीन दुकानांचं टॅली करते. फोनवर कुणी विचारलं तर सासूबाई सांगतात, "घरीच असते."

आणि हे सगळं बडोद्यात, याचा मला जास्त राग येतो. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं, मुलींनाही. (अमरेलीच्या प्रयोगात मुलग्यांना ७ ते १२ वर्षं, मुलींना ७ ते १०. तिथंही दोन वर्षं कमीच.) महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष. आणि हंसाबेन मेहता, बडोद्याच्या दिवाणांची लेक. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात 'ऑल मेन' असं येत होतं, ते त्यांनी हट्टाने 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करायला लावलं. पुढे आमच्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला त्यांचंच नाव आहे. त्या लायब्ररीत मी पाच वर्षं दुपारच्या झोपा काढल्या, पाटीवरचं नाव कोणाचं ते कधी विचारलं नाही.

जगाच्या मसुद्यातला एक शब्द बदलून आणणारी बाई ज्या गावची, त्या गावात मी घरच्या चार पानी मसुद्यावर मुकाट सही करणार. मला कोणी जबरदस्ती केलेली नाही. दादा वाईट नाही. म्हणूनच विचारते. तुम्ही सह्या केल्यात का? का केल्यात?

सराफ्यातली_रात्र | शनिवार, रात्री १०:४८

आधी हजेरी, मग वाचतो. इंदूरकडून इतकंच: आमच्याकडे विमानतळ अहिल्याबाईंच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्याच नावाचं, आणि सुमित्राताई महाजन आठ वेळा इथून खासदार, पुढे लोकसभेच्या अध्यक्ष. तरी माझ्या तिन्ही आत्यांच्या सह्या ताईंच्या पहिल्या निवडणुकीच्याच साली झाल्या, असं आजी सांगायची.

स्पष्टवक्ता | शनिवार, रात्री ११:१५

आला, वार्षिक धागा आला.

लग्नात तुमच्यावर झालेला खर्च आधी वजा करा, मग वाटणीचं बोला. दुसरं, आईवडिलांचं म्हातारपण कोण काढतं? रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण पळतं? मुलगा. हिश्श्याच्या वेळी मुलगी समान आणि सेवेच्या वेळी 'मी काय बाई, परक्या घरची'. आणि आइसलँडचं कौतुक पुरे. चार लाखसुद्धा लोक नाहीत तिथं. आमच्या कोथरूडला आणून बसवले तर कळायचंही नाही.

निमूट | शनिवार, रात्री ११:३१

@स्पष्टवक्ता, दवाखान्यात मुलगा पळतो की त्याची बायको? नुसतं विचारतेय.

निमूट | रविवार, सकाळी ७:०५

काल रात्री तेवढंच लिहून झोपले, पण झोप काही आली नाही. ओटलो, मी केलीय सही. २०११, नवापुऱ्यातलं घर. मी वयाने ओटलोपेक्षा मोठी असेन, म्हणून सल्ला देत नाही, फक्त सांगते. दोघी बहिणी गेलो, दहा मिनिटांत झालं. भावाने आम्हाला पैठण्या घेतल्या होत्या. मला आठवतंय, अंगठा टेकवताना मी त्या पैठणीच्या काठाचाच विचार करत होते, जरा भडक आहे म्हणून.

का केली? पैशाचं मनात आलंच नाही. भाऊबीजेला ताट घेऊन जायचं कुठे, हा एकच विचार. हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं आणि सगळ्यांनी शिकवलं होतं. पुढे नवऱ्याचं आजारपण निघालं तेव्हा सोनं गहाण ठेवावं लागलं. भावाने मदत केली, नाही म्हणत नाही. पण मी हात पसरून उभी होते आणि तो देत होता. त्याच घरातला माझा हिस्सा असता तर मी मागत नव्हते, घेत होते. हा फरक मला पन्नाशीत कळला.

आल्प्सकडची | रविवार, दुपारी २:४०

मूळची कारेलीबागची, गेली बारा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॅलनला. आइसलँडचा विषय निघालाच आहे म्हणून आधी तेच. तो देश काही जन्मतः पहिला नव्हता. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या जवळजवळ ९० टक्के बायकांनी एक दिवस काम केलं नाही, नोकरीवरचंही आणि घरचंही. संप म्हटलं तर नोकरी जाईल, म्हणून नाव ठेवलं 'बायकांची सुट्टी'. बाप पोरं घेऊन ऑफिसात गेले. दुकानांतले सॉसेज संपले म्हणतात, कारण बापांना तेवढंच शिजवता येत होतं. पाच वर्षांनी, १९८० मध्ये, त्यांनी विग्दिस फिनबोगादोत्तिर यांना राष्ट्राध्यक्ष केलं. आणि इतकी वर्षं पहिला नंबर टिकवूनही २०२३ मध्ये त्याच तारखेला पुन्हा सुट्टी घेतली, तेव्हाच्या पंतप्रधानबाईसुद्धा सामील झाल्या. म्हणजे पहिल्या नंबरवाल्यांनाही पुरेसं वाटत नाही.

आता माझ्या इथलं. माझी शेजारीण ८४ वर्षांची, डोंगरापलीकडच्या अपेनझेलची. या देशात बायकांना मत मिळालं १९७१ मध्ये, तेही पुरुषांनी मतदान करून दिलं तेव्हा. तिच्या कँटनमध्ये (म्हणजे तिथल्या राज्यात) गावातले पुरुष चौकात जमून हात वर करून मतदान करतात, बऱ्याच जणांच्या कमरेला तलवार, तीच मताची खूण. त्यांनी १९९० मध्ये पुन्हा एकदा 'नाही' म्हणून हात वर केले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क द्यायला लावला आणि १९९१ मध्ये बायका पहिल्यांदा त्या चौकात मत द्यायला उभ्या राहिल्या. मी आजींना विचारलं, तुम्ही भांडला नाहीत? म्हणाल्या, "माझा नवरा चांगला होता. मला काही कमी नव्हतं." १९८८ पर्यंत इथल्या कायद्यात नवरा हाच कुटुंबप्रमुख होता, बायकोने नोकरी धरायची तर त्याची संमती. तो चांगला होता, संमती दिली असती. मागायची वेळच आली नाही म्हणे.

ओटलोचं "दादा वाईट नाही" वाचलं आणि ह्या आजी आठवल्या.

काळा_कोट | रविवार, रात्री ९:१०

वकील आहे, बडोद्यातच. इथं फी नाही, म्हणून मोजकं बोलते.

१. घर वडिलांनी स्वतः घेतलेलं की आजोबांचं? मृत्युपत्र आहे? स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल तर मुलीचा हिस्सा काही हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने दिलेला नाही. तो १९५६ पासूनच आहे. २००५ ने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, आणि ९-९-२००५ ला वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. लोक दोन्हींची खिचडी करतात.

२. कलम २३ चं कुणाला आठवत नाही. १९५६ च्या कायद्यात होतं: राहत्या घरात मुलीला हिस्सा आहे, पण भाऊ वाटणी करत नाहीत तोवर ती वाटणी मागू शकत नाही. राहायचा हक्क कोणाला? कुमारिका, टाकलेली, विभक्त किंवा विधवा. म्हणजे संसार सुखाचा असेल तर माहेरच्या घरात पाय ठेवायचा हक्क नाही. २००५ ला ते कलम काढलं, डोक्यातलं काढायला कायद्यात तरतूद नाही.

३. @स्पष्टवक्ता, सेवेचं म्हणाल तर १९८७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की लग्न झालेली मुलगीही आईवडिलांच्या पोटगीला बांधलेली आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही 'अपत्य' म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही. जबाबदारी समान झालेली आहे, फक्त तिची आठवण कोणी करून देत नाही.

४. ओटलो, तुम्ही मसुदा म्हणालात. त्यात 'लिहून देणार' म्हणून कितीजण आहेत ते बघा. आई आहेत ना? नोंदणी झाली की हे फिरवणं फार अवघड.

ओटलो | रविवार, रात्री १०:०२

घर बाबांनी १९७८ ला घेतलेलं. मृत्युपत्र नाही.

मसुदा आत्ता नीट वाचला. लिहून घेणार एक, दादा. लिहून देणार दोन. दुसरं नाव माझं.

पहिलं नाव आईचं आहे.

मी आठवडाभर हा कागद टेबलावर इकडून तिकडे सरकवत होते, चार्ट पेपरला जागा करायला. पहिल्या पानावर होतं. मी माझंच नाव शोधून थांबले.

निमूट | रविवार, रात्री १०:१५

अगं बाई.

काळा_कोट | रविवार, रात्री १०:२६

म्हणूनच विचारलं. दहातल्या आठ वेळा असतं. आईचा तिसरा हिस्सा आहे, तुमच्याइतकाच आणि दादाइतकाच. 'तिला कशाला कचेरीचे खेटे, एकदाच होऊन जाऊ दे', असं म्हणून घेतात. हेतू वाईट असतोच असं नाही. पण उद्या त्या स्वतःच्या घरात मुलाच्या मर्जीने राहणार, एवढा त्याचा अर्थ.

स्पष्टवक्ता | सोमवार, सकाळी ८:५०

आईचं मान्य. ते चूक आहे.

पण त्या यादीबद्दल बोलायचंच. बांगलादेश २०२५ मध्ये २४ वा, आणि आपण १३१ वे? तिथल्या बायका आपल्याकडच्यांपेक्षा शंभर पायऱ्यांनी सुखी आहेत? या याद्यांना काही अर्थ नसतो.

आल्प्सकडची | सोमवार, दुपारी १:२०

सुखाची यादी नाहीच ती. फक्त दरी मोजते, पातळी नाही. दोघेही सारखेच गरीब असतील तर गुण पूर्ण. राजकारणाच्या खात्यात गेल्या ५० वर्षांत किती वर्षं बाई देशाच्या प्रमुखपदी होती तेही धरतात, बांगलादेशात ती वर्षं खूप. आपल्या लोकसभेत २०२४ ला ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. रवांडात निम्म्याहून जास्त खासदार बायका आहेत, तिथे २००३ च्या राज्यघटनेतच किमान ३० टक्के लिहिलंय. आपलं ३३ टक्क्यांचं विधेयक २०२३ ला झालं, अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर.

यादीत दोष आहेत, कबूल. पण अफगाणिस्तानात २०२१ पासून सहावीनंतर मुलींना शाळाच बंद आहे, त्याला कुठल्या कोष्टकाची गरज नाही. आणि ओटलोच्या कागदासाठी कुठल्याच कोष्टकात रकाना नाही. कायदा समान, सही राजीखुशीची. जगात अजून चाळीसेक देशांत मुलीला मुलाइतका वारसा कायद्यानेच मिळत नाही. आपण त्यांच्यात मोडत नाही, कारण आपल्याकडे ते काम आपण स्वतः करतो.

निमूट | सोमवार, दुपारी ३:४४

आणि वेळेचं काय? २०२४ च्या सरकारी पाहणीत बिनपगारी घरकामाला बायकांची दिवसाची २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, ८८ वाईट नाही. मी म्हटलं, अहो, जे करतात त्यांची सरासरी आहे ती. न करणारे त्यात धरलेलेच नाहीत.

तात्या_मांजलपूर | सोमवार, रात्री ९:३०

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. वय ७९. टंकायला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या.

या गोष्टीतला भाऊ मी आहे. १९८९. वाडीतलं आमचं घर, मागे आड, पुढे ओटा. तीन बहिणी. वकील म्हणाले होते की तशाही त्या वाटणी मागू शकत नाहीत, पण पुढे कटकट नको म्हणून सह्या घेऊन ठेवा. (ते कलम २३ असावं, आज नाव कळलं.) तिघी एका दिवशी आल्या, एकीमागे एक सह्या केल्या. हिने श्रीखंड-पुरी केली होती. हसतखेळत झालं. कुणी रडलं नाही, कुणी काही विचारलं नाही.

१९९६ मध्ये मी ते घर विकलं आणि मांजलपूरला फ्लॅट घेतला. बहिणींना पत्राने कळवलं. विचारलं नाही, कळवलं. विचारायचं कारणही नव्हतं, कागदाने घर माझं होतं.

थोरली आता नाही. दोघी अजून भाऊबीजेला येतात, मायेने येतात. पण वाडीला होतो तेव्हा त्या 'आपल्या घरी' म्हणायच्या. इथं आल्यापासून 'तुझ्याकडे' म्हणतात. तीस वर्षं ऐकतोय. आजवर वाटायचं फ्लॅट लहान म्हणून असेल.

सराफ्यातली_रात्र | सोमवार, रात्री ९:५२

तात्या, नमस्कार.

काळा_कोट | मंगळवार, सकाळी १०:०५

थोडं अवांतर, पण बडोद्याच्या लोकांना उपयोगी. गुजरातेत बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का नोंदणी फी माफ आहे. त्यामुळे नव्या सोसायट्यांत दस्तावर बायकोचं नाव फार दिसतं. चांगलं आहे. फक्त माझ्याकडे अशा बायका येतात ज्यांना ते घर आपल्या नावावर आहे हे घटस्फोटाच्या वेळी कळतं. दस्त कपाटात, कपाटाची किल्ली यांच्याकडे.

आणि अजून एक, विचारलं नाहीत तरी. बाईने स्वतः कमावलेली मिळकत, मृत्युपत्र नाही, नवरा-मुलं नाहीत, तर ती आधी जाते नवऱ्याच्या वारसांकडे. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. हिंदू वारसा कायद्याचं कलम १५. हे आजही आहे. तेव्हा बायांनो, मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, साधा कागद चालतो.

ओटलो | गुरुवार, रात्री ११:१०

सगळ्यांना एकेक उत्तर देणं होणार नाही, माफ करा. तात्या, तुमचा प्रतिसाद दादाला वाचून दाखवला. नाव न सांगता.

क्रमाने सांगते. मंगळवारी मी फोन करून म्हटलं, मी बुधवारी येत नाही आणि आईलाही नेऊ नकोस. दादा म्हणाला, "कोणी काही बोललं का तुला?" मी म्हटलं, मी वाचलं. मग बराच वेळ फोनवर कुकरच्या शिट्ट्याच ऐकू येत होत्या, कोणाच्या घरच्या ते कळेना. त्याने ठेवून दिला.

रात्री वहिनीचा फोन. मला वाटलं आता हिचं ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, "ताई, भरूचला मी माझी सही केलीय, चार वर्षं झाली. तुमच्या या कागदावर माझं नाव कुठे येतं?" मी म्हटलं, कुठेच नाही. "तेच विचारत होते," म्हणाली आणि दुसरंच बोलायला लागली, कैरीच्या लोणच्याचं.

आज संध्याकाळी घरी गेले. दादा सेव-उसळ घेऊन आला होता, माझ्यासाठी तर्री वेगळी बांधून. दोघांनीही कागदाचा विषय काढला नाही. चूक की बरोबर माहीत नाही, पण उसळ खाल्ली.

तो खाली गेल्यावर आईला सांगितलं. चष्मा लावून तिने मसुदा वाचला, चारही पानं, बोट ठेवून. मग म्हणाली, "रेशन कार्डावर मी घरातली मुख्य आहे, माहितीये ना? ते सरकारनेच केलंय." मी म्हटलं हो, २०१३ च्या कायद्यात तसंच आहे, घरातली थोरली बाई. "मग हे?" मी म्हटलं, आई, ह्यात तुझा तिसरा भाग आहे, सही केली नाहीस तर. माझाही तिसरा.

ती उठली आणि घरातून एक फेरी मारून आली. मला वाटलं औषध घ्यायला गेली. परत येऊन बसली.

"मग मला पुढची खोली," म्हणाली. "ओट्याकडे खिडकी आहे ती. देवघराकडची नको. तिथं वारा येत नाही, चाळीस वर्षं सांगतेय."